नाव थंडीचं, काम ओलीचं

जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं, पण शेळीचं नाव उस्मानाबादीच राहिलं. जुन्या एकत्रित जिल्ह्यातले लातूर, तुळजापूर आणि उदगीर हे तालुके या जातीचं मूळ घर. त्यातले लातूर आणि उदगीर १९८२ साली वेगळ्या जिल्ह्यात गेले, तरी शेळीने सीमा पाळली नाही. बहुतेक अंग काळं, कान लोंबते आणि पुष्कळदा पांढऱ्या ठिपक्यांचे, मादीचं वजन बत्तीस किलोच्या आसपास, बोकडाचं थोडं जास्त. तिची खरी किंमत मात्र वजनात नाही, जुळ्यांत आहे. वर्षभरात केव्हाही माजावर येणारी ही शेळी पावसाळ्याच्या तोंडाला, पहिल्या हिरव्या चाऱ्यावर अंग धरलं की भरते, आणि दीडशे दिवसांचा गाभणकाळ धरला तर दिवाळीपासून पौषापर्यंत व्याते. म्हणजे आपल्याकडे हिवाळा हा करडांचा हंगाम आहे. वर्षाची कमाई ठरते ती या तीन महिन्यांत, किती करडं जन्मली यावर नव्हे, किती उभी राहिली यावर. आणि जी उभी राहत नाहीत त्यांच्याबद्दल गावोगाव एकच निदान ठरलेलं असतं: थंडी लागली. हे निदान बहुतेक वेळा चुकीचं असतं आणि चुकीच्या निदानातून केलेला उपाय दुसरं करडू घेऊन जातो, एवढंच या लेखाचं म्हणणं आहे. थंडीपेक्षा ओल, वारा आणि रिकामं पोट ही तिन्ही अधिक घातक आहेत, आणि ती तिन्ही आपल्या हातातली आहेत.

आधी थंडी म्हणजे नेमकी किती ते पाहू. बालाघाटाच्या पठारावर डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-बारा अंशांवर येतो, एखाद्या आठवड्यात त्याखालीही घसरतो, आणि दुपारी पुन्हा अठ्ठावीस-तीसवर चढतो. चालतं-फिरतं, रवंथ करणारं, पोट भरलेलं मोठं जनावर एवढ्या थंडीला भीक घालत नाही. याचा पुरावा शोधायला प्रयोगशाळेत जायला नको. धनगरांचे कळप हिवाळाभर मोकळ्या रानात बसतात. भोवती वाघर लावलेली, डोक्यावर आभाळ, खाली कोरडी ढेकळं. मेंढरांच्या अंगावर लोकर आहे, शेळीच्या नाही, हे खरं. पण त्याच कळपात धनगराच्या चार-दोन शेळ्याही असतात आणि त्याही उघड्यावरच रात्र काढतात. कोवळी पिल्लं मात्र तो उघडी ठेवत नाही, डालग्याखाली झाकतो. दूरचंही एक उदाहरण घेता येईल. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांत चार हजार मीटरच्या आसपास लोक अल्पाका नावाचं लोकरीचं जनावर पाळतात. तिथे रात्री गोठणबिंदूखाली जाणं नेहमीचं. ते जनावर बहुतेक वेळा सकाळपासून दुपारपर्यंत विते, म्हणजे रात्र पडायच्या आत पिल्लू वाळून उभं राहतं. निसर्गाने तिथेही थंडीपेक्षा ओलीचाच केवढा बंदोबस्त केला आहे पाहा. आपली शेळी असा मुहूर्त पाहत नाही. ती पहाटे तीन वाजताही विते. म्हणून जे काम तिथे ऊन करतं ते इथे आपल्याला करावं लागतं.

ओलीचा हिशेब आकड्यांत मांडला की डोळे उघडतात. एक ग्रॅम पाणी अंगावरून वाळून जायला साधारण ०.५८ किलोकॅलरी उष्णता लागते. नुकत्याच जन्मलेल्या करडाच्या अंगावर नुसती पन्नास ग्रॅम ओल धरली, तरी ती वाळवायला २९ किलोकॅलरी खर्ची पडतात. उस्मानाबादीचं करडू जन्मतः दोन-अडीच किलोचं. अशा सव्वादोन किलोच्या करडाचं सगळं शरीर एक अंशाने गरम करायला दोन किलोकॅलरीही लागत नाहीत. म्हणजे ती ओल पुसायची सोडून अंगच्या उष्णतेवर वाळू दिली, तर पिल्लाच्या जवळ जन्मतः असलेल्या शिदोरीतला मोलाचा वाटा त्यातच खर्ची पडतो. जुळ्यांचं तर विचारू नका. पिल्लू जितकं लहान तितकं वजनाच्या मानाने अंग जास्त उघडं, आणि शेळी पहिल्याला चाटत असताना दुसरं तसंच ओलं पडून राहतं. तेव्हा करायचं काम अगदी साधं आहे. व्यायला टेकलेली शेळी वेगळ्या कोरड्या जागी घ्या, दोन-तीन जुनी सुती लुगडी किंवा स्वच्छ गोणपाट हाताशी ठेवा, नाक-तोंडातला चिकटा काढा आणि पिल्लू पहिल्या दहा मिनिटांत खरखरून पुसा. पुसायचं पण धुवायचं नाही. पाण्याने धुतलेल्या करडाला आईचा वास राहत नाही, आणि शेळी वासानेच ओळखते. पुसून झालं की तिच्या तोंडापुढे ठेवा, उरलेलं ती चाटते. नाळ स्वच्छ ब्लेडने पोटापासून दोनेक इंचांवर कापून टिंचर आयोडीनमध्ये बुडवा. नाळेवर शेण, माती किंवा हळदीचा लेप लावायची रीत अजून कुठे कुठे आहे; आयोडीन काही रुपयांत मिळतं, तेव्हा तिला आता सुट्टी द्यायला हरकत नाही.

पुसल्यानंतरचा क्रम चिकाचा. माणसाच्या बाळाला आईची रोगप्रतिकारशक्ती काही अंशी पोटातच मिळते. करडाला मिळत नाही. शेळीची वार ती पुढे जाऊ देत नाही. करडाला जी काही ढाल मिळते ती चिकातून, आणि ती शोषून घेण्याची आतड्याची ताकद जन्मल्यापासून तासातासाला कमी होत जाऊन चोवीस तासांत जवळपास संपते. म्हणून पहिल्या तासाभरात पहिला घोट, आणि दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक हा हिशेब ठेवायचा. सव्वादोन किलोच्या करडाला सव्वादोनशे मिली, चार-पाच वेळा विभागून. इथे एक जुनी अडचण उभी राहते. जार पडल्याशिवाय करडाला पाजू नये, असं अनेक घरांत मानतात. यामागचा विचार वाईट नाही, शेळीला आधी मोकळी होऊ द्यावी असा तो आहे. पण शरीराचा कारभार नेमका उलटा चालतो. करडू सडाला लागलं की शेळीच्या अंगात जो पान्हा सुटतो त्यानेच गर्भाशय आकसतं आणि जार लवकर पडते. जारेची वाट पाहत करडाला चार तास उपाशी ठेवणं म्हणजे दोघांचंही नुकसान. त्या चार तासांत करडाची जन्मजात चरबी जळून जाते, ते गारठतं, गारठलं की चोखायची ताकद जाते आणि सकाळी आपण म्हणतो, थंडी लागली.

गारठलेलं करडू हाती आलं तर घाईने दूध पाजणं ही सगळ्यांत मोठी चूक. तोंडात बोट घालून पाहा. तोंड कोमट असेल आणि करडू बोट ओढत असेल, तर त्याला चीक हवा आहे. तोंड गार असेल, मान लटकत असेल, ते चोखत नसेल, तर त्याला आधी ऊब हवी आहे. अशा वेळी ओतलेलं दूध पोटात न जाता फुप्फुसात जातं. करडाचं नेहमीचं तापमान ३९ अंश सेल्सियसच्या आसपास असतं आणि ३७ च्या खाली ते धोक्यात असतं, त्यामुळे घरात साधा थर्मामीटर असला तर अंदाजावर विसंबावं लागत नाही. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवा, करडू त्यात बसवा, डोकं उघडं राहू द्या. जन्मून पाच-सहा तास उलटून गेले असतील आणि करडू निपचित असेल, तर नुसती ऊब पुरत नाही, अंगातली साखरही संपलेली असते. तिथे ग्लुकोज लागतं, आणि ते काम पशुवैद्यकाचं. दुसऱ्या एखाद्या शेळीचा जास्तीचा चीक बर्फाच्या कप्प्यात छोट्या बाटल्यांत गोठवून ठेवला तर अशा वेळी उपयोगी पडतो. तो कोमट पाण्यात बाटली ठेवून वितळवायचा. चुलीवर ठेवला की त्याचा खरवस होतो आणि औषधी गुण जातो.

आता गोठ्याकडे वळू, कारण करडं पहिल्या दिवशी वाचली तरी तिसऱ्या आठवड्यात खोकू लागतात, आणि तिथे दोष आपल्या मायेचा असतो. थंडी पडली की दारं लावायची, फटींत चिंध्या कोंबायच्या, चारी बाजूंनी ताडपत्री आणि खताच्या गोण्या शिवून लावायच्या. आत ऊब होते हे खरं. पण त्या उबेत काय काय असतं ते बघा. एक शेळी दिवसाला अर्धा ते एक लिटर मूत्र टाकते. पंधरा शेळ्यांचं दहा लिटरच्या घरात जातं, शिवाय त्यांच्या श्वासातली वाफ वेगळी. ही सगळी ओल बंद गोठ्यात कोंडते. वरचा पत्रा पहाटे उघड्या आभाळाखाली हवेपेक्षाही गार होतो, वाफ त्याला लागून थेंब होते आणि पहाटेच्या सुमाराला ते थेंब करडांच्या पाठीवर टपकतात. म्हणजे पाऊस नसताना गोठ्यात पाऊस. १९९३ च्या भूकंपानंतर लोहारा-उमरग्याच्या पट्ट्यात दगड-मातीच्या जड भिंतींची आणि माळवदांची धास्ती बसली आणि पत्र्याचं राज्य वाढलं. ते समजण्यासारखं आहे. पण पत्र्याखाली माळवदाच्या सवयी चालत नाहीत, हे कुणी सांगितलंच नाही.

थेंबांपेक्षाही वाईट ती वास मारणारी हवा. मूत्र आणि लेंड्या ओल्या राहिल्या की अमोनिया सुटतो. तो तयार होतो जमिनीलगत, आणि करडाचं नाक असतं जमिनीपासून वीतभर. आपण गोठ्यात उभे असतो पाच फुटांवर, म्हणून आपल्याला काही जाणवत नाही. अमोनियाने श्वासनळीच्या आतल्या बारीक केसांचं अस्तर जखमी होतं, जंतू बाहेर ढकलण्याची सोय मोडते आणि एरवी नाकात निरुपद्रवी राहणारे जंतू फुप्फुसात उतरतात. हाच तो हिवाळी न्यूमोनिया. यावर तपासणी फुकट आहे: पहाटे दार उघडायच्या आधी आत जाऊन करडांच्या पातळीला खाली बसा आणि चार श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर गोठा बंद आहे, बाहेर कितीही गार असो. शेकोटीचं तेच. आत पेटवलेल्या शेकोटीचा धूर तेच अस्तर जाळतो, आणि कडब्याशेजारी विस्तव नेण्याबद्दल वेगळं लिहायला नको.

मग वाऱ्याचं काय, हा प्रश्न रास्त आहे. वारा अडवायचाच आहे, हवा अडवायची नाही. फरक उंचीचा आहे. शेळी बसते ती तीन-साडेतीन फुटांच्या आत. तेवढ्या उंचीपर्यंत आडोसा घट्ट हवा, वरचा भाग जाळीचा किंवा मोकळा हवा, आणि छपराखाली फूट-दीड फूट फट बारा महिने उघडी हवी, कारण गरम ओली हवा वर जाते आणि तिथूनच निघून जाते. हिवाळ्यात आपल्याकडे वारा प्रामुख्याने उत्तर आणि पूर्वेकडून येतो, म्हणून आडोसा त्या दोन बाजूंना. तो कशाचा करायचा यालाही आपल्या रानात उत्तर आहे. तुराट्यांचा कूड हा वाऱ्यासाठी विटांच्या भिंतीपेक्षा सरस, असं म्हटलं तर गवंडी हसेल. पण भरीव भिंतीवरून उसळलेला वारा पलीकडे भोवरा करून खाली आदळतो, तर कुडाच्या फटींतून गाळून आलेला वारा मंद होतो आणि मंदच राहतो. कूड शेणामातीने अर्धा लिंपायचा, पूर्ण नाही. नवी तूर निघायला जानेवारी उजाडतो, तेव्हा गेल्या वर्षीच्या तुराट्या चुलीत घालवण्याआधी दोन पेंढ्या गोठ्यासाठी बाजूला काढाव्या लागतात. गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम आणि मोकळी बाजू दक्षिणेला असेल तर बाकीचं काम सूर्य करतो. आपण साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य दक्षिणेला कलून क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो, म्हणजे ऊन तिरपं आत शिरतं आणि जमीन वाळवतं. मे महिन्यात तोच सूर्य डोक्यावर येतो आणि छपराची सावली आपोआप आत राहते. पत्र्यावर उसाच्या पाचटाचा वितभर थर दोरीने बांधला की पहाटेचे थेंबही थांबतात आणि उन्हाळ्यातली भट्टीही.

जमिनीचं सांगायचं तर काळी माती शेळीची वैरीण आहे. ती मूत्र धरून ठेवते. सहा इंच मुरूम, बाहेरच्या बाजूला उतार, आणि वर सोयाबीनचं भुस्काट किंवा पाचट. ओलं झालेलं दररोज काढायचं, ते उकिरड्यात वाया जात नाही. मोठ्या शेळीला दहा-बारा चौरस फूट छप्पराखाली आणि त्याच्या दुप्पट मोकळी जागा हा हिशेब थंडीतही ढळू द्यायचा नाही. दाटीवाटीने ऊब येते तशी ओलही येते. चुना भुरभुरण्याची पद्धत चांगली आहे, फक्त क्रम लक्षात ठेवा. ओल्या मूत्रावर चुना किंवा राख टाकली तर अमोनिया दबत नाही, उलट उसळून सुटतो. आधी खरवडून झाडा, वाळू द्या, मग चुना. करडांसाठी एका कोपऱ्यात उलटं डालगं किंवा एक बाजू उघडी असलेलं लाकडी खोकं भुस्काट भरून ठेवलं तर ती आपणहून त्यात शिरून एकमेकांना चिकटून बसतात. गोणपाटाची झूल अशक्त करडाला तीन-चार दिवस चालते, पण ती मुताने भिजली की झूल न राहता ओलं फडकं होते. सकाळ-संध्याकाळ हात लावून पाहायला जमणार नसेल तर न घातलेली बरी.

यावर जुनी माणसं म्हणतील, आमची करडं चुलीपाशी बंद घरात वाढली, कुठे काय झालं? खरं आहे, आणि त्याचं कारणही आहे. तेव्हा घरात शेळ्या दोन-तीन, भिंती दोन-अडीच हात जाड, माळवदाची माती ओल पिऊन घेणारी आणि वर धुराला वाट करून देणारा धारा. दोन शेळ्यांची ओल ते घर सहज पचवायचं. आज वीस शेळ्या पत्र्याच्या पेटीत कोंडतो आणि तीच रीत चालवतो. रीत तीच, घर बदललं. दुसरा आक्षेप रोकडा आहे: वरून मोकळं ठेवलं तर चोर येईल, कुत्री येतील, लांडगा येईल. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०२४ च्या डिसेंबरात यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला वाघ येडशीच्या रामलिंग अभयारण्यात कॅमेऱ्यात टिपला गेला, तेव्हा आसपासच्या गावांत रात्री गोठे आणखी घट्ट झाले. पण जनावर अडतं ते जाळीने, ताडपत्रीने नव्हे. ताडपत्री हवा अडवते आणि लांडग्याला ती कागद आहे. वरच्या भागाला मजबूत लोखंडी जाळी आणि दाराला कडी-कुलूप, हा खर्च एकदाच होतो आणि दोन्ही गोष्टी साधतो. तिसरं म्हणजे बल्ब. पिवळा बल्ब लावला की काम झालं असं वाटतं. पण वीज पहाटे जाते, नेमकी हवी तेव्हा, आणि उबेला सवकलेलं करडू एकदम गारव्यात येतं. आजारी करडासाठी चार तास बल्ब ठीक आहे, तोही तारेने पक्का बांधून, भुस्काटापासून हातभर लांब.

मोठ्या शेळीची शेगडी तिच्या पोटात आहे. कडब्यासारखा तंतुमय चारा कोठीपोटात आंबताना उष्णता सुटते, आणि ती खाल्ल्यानंतर काही तासांनी वाढत जाते. म्हणून शाळूच्या कडब्याची कुट्टी सकाळी टाकून रात्री रिकाम्या गव्हाणीवर शेळी बांधणं उलटं आहे. संध्याकाळी कुट्टी, तुरीचा किंवा हरभऱ्याचा भुसा पोटभर. दिवसा झाडपाला, शेवरी, सुबाभूळ, लसूण घास. मोठ्या शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवं, पाऊण ते एक किलो वाळलेलं आणि दोनशे-अडीचशे ग्रॅम खुराक हे प्रमाण बहुतेकांना ठाऊक असतं. चुकतं ते गाभण शेळीच्या शेवटच्या दीड महिन्यात. गर्भाची बहुतेक वाढ याच काळात होते, पोटात जुळी असली तर कोठीपोटाला जागाच उरत नाही, आणि ती कमी खाते म्हणून आपण खुराकही कमी करतो. अशी शेळी व्यायच्या आधीच सुस्त होऊन बसते, आणि तिची करडं जन्मतःच हलकी, चरबीविना येतात. त्या दीड महिन्यात खुराक हळूहळू वाढवून तीनशे ग्रॅमपर्यंत न्यायचा, आणि दोन-तीन वेळा विभागून द्यायचा. करडाचा हिवाळा खरं तर त्याच्या जन्माआधी सुरू होतो. पाण्याचंही तसंच. थंडीत शेळी हौदातल्या गार पाण्याला तोंड लावत नाही, आणि वाळलेल्या कडब्यावर कमी पाणी म्हणजे अपचन; खुराकावर वाढवलेल्या, विशेषतः खच्ची केलेल्या बोकडांना मूतखड्याचा त्रास याच दिवसांत दिसतो. विहिरीचं ताजं पाणी पहाटेही कोमट लागतं. रात्रीचं हौदातलं पाणी झाडांना घालावं, शेळ्यांना सकाळी नवं काढून द्यावं. तापवायची गरज नाही.

चरायला सोडण्याची वेळ हा हिवाळ्यातला सगळ्यांत स्वस्त उपाय. दव वाळेपर्यंत, म्हणजे नऊ-दहा वाजेपर्यंत, शेळ्या अंगणात उन्हात राहू द्या. ओल्या गवताच्या पात्यांवर जंतांची पिल्लं दवाच्या पापुद्र्यातून वर चढतात. ऊन लागलं की खाली उतरतात. दवात भिजलेला हरभरा किंवा लसूण घास भुकेल्या पोटी खाल्ला तर पोट फुगतं. आधी मूठभर कडबा चघळायला द्या, मग हिरवं. ज्वारीच्या कापलेल्या रानातले कोवळे फुटवे, किंवा पाण्याअभावी गुडघ्यापर्यंतच खुरटलेली ज्वारी, यांत किरळ नावाचं विष असतं. फुटव्यांवर सुटलेला कळप तासाभरात आडवा पडतो. वाळलेल्या कडब्याला ते भय नाही. आणि खळ्यावर रास पडली की शेळी सुटी ठेवू नका. किलोभर ज्वारी खाल्लेली शेळी दुसऱ्या दिवशी लाथा झाडत बसते, आणि त्याला कुणाची दृष्ट लागलेली नसते.

हे सगळं करूनही काही आजार गोठ्याच्या रचनेने थांबत नाहीत, हे मान्य करायला हवं. पीपीआरचा विषाणू कुडाला आणि मुरमाला जुमानत नाही. त्याला लस हेच उत्तर आहे, आणि ती एकदा टोचली की साधारण तीन वर्षं पुरते. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधीची. ती राहून गेली असेल तर गाभण शेळ्यांना व्यायच्या महिनाभर आधी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने देता येते, म्हणजे चिकातून करडालाही तिचा लाभ मिळतो. या महिन्यांत यात्रा असतात, बाजार तेजीत असतात, बोकड विकले जातात आणि त्या पैशांत नव्या पाठी येतात. बाजारातून आणलेलं जनावर तीन आठवडे वेगळं बांधा, वेगळ्या भांड्यात पाणी द्या, आणि त्याचं काम घरच्या शेळ्यांनंतर करा. पैदाशीच्या शेळ्या-बोकडांची चौकशी करायची असेल तर पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र तुळजापूर तालुक्यात तीर्थ इथे आहे, आणि चारापिकांपासून गोठ्यापर्यंत विचारायला तुळजापूरचं कृषी विज्ञान केंद्र आहे. एक ते तीन महिन्यांच्या करडांना पातळ, रक्ताळ हगवण लागली तर ती थंडीची समजू नका. ओल्या जमिनीवर वाढणारे कॉक्सिडिया त्यामागे असतात. लेंडी तपासून औषध घ्यावं, आणि त्याच दिवशी जमीन खरवडावी.

राहिला खर्च. दोन पेंढ्या तुराट्या, पाचटाचा भारा, मुरमाची एक खेप, आयोडीनची बाटली, थर्मामीटर आणि जाळी, यांतली जाळी आणि मुरूम सोडले तर बहुतेक सामान घरचंच. वेळ मात्र लागतो, आणि तो बहुतेक घरांत बाईचा लागतो. शेळीची पैदास कागदोपत्री कुणाच्याही नावावर असो, पहाटे तीनला कंदील घेऊन उठणारी तीच असते. तेव्हा व्यायला आलेल्या शेळीची तारीख भिंतीवर लिहून ठेवणं आणि त्या आठवड्यात रात्रीची पाळी घरात वाटून घेणं, हाही गोठ्याच्या सोयीचाच भाग धरावा. भरवल्याची तारीख टिपलेली असेल तर दीडशे दिवस मोजायला कॅलेंडर पुरतं; चार-पाच दिवस मागे-पुढे. फेब्रुवारीच्या अखेरीस दुपारचं ऊन चटके देऊ लागलं की पूर्वेचा कूड उतरवायचा, उत्तरेचा आणखी पंधरा दिवस राहू द्यायचा, आणि उतरवलेल्या तुराट्या वाळवून पुढच्या दिवाळीसाठी आढ्याला टांगायच्या.